मुका धवला

८ नोव्हेंबर, शनिवार

आला! कुरिअरवाल्याने धामणकर नाक्यावरून फोनवर फोन केले — "मैडम, गली में गाडी नहीं घुसेगी." मीच धावत गेले. खोकं एवढंसं! वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं पार्सल हातात दिलं. सिनेमाचा कॅमेरा म्हणतात आणि आकार पोळीभाजीच्या डब्याएवढा.

टेबलावर ठेवला आणि बघत बसले. जुना कॅमेरा कसा कॅमेऱ्यासारखा दिसायचा. खांद्यावर घेतला की वऱ्हाडी आपोआप बाजूला व्हायचे, नवऱ्याची मावशी पदर सारखा करायची. याला कोण विचारणार? काळा, चौकोनी, ना मान ना खांदा. ठोकळा नुसता. तेच नाव ठेवलं — ठोकळा.

कुणाला तरी दाखवावा असं फार वाटलं. खाली लूमच्या कारखान्यातला मुकादम दारात उभा होता, त्याला दाखवला. "अच्छा है. इससे फोन भी लगता है?" वर आले आणि दार लावून घेतलं.

९ नोव्हेंबर, रविवार

ठोकळ्याबद्दल पहिलं मत: आखडू आहे.

जुना कॅमेरा चेहरा दिसला की आपणहून धरायचा. हा धरत नाही. फोकस तुम्हीच करा, उजेड तुम्हीच मोजा, साहेब फक्त बघणार. चित्र तर सगळं राखाडी — आमटीत हळद-मीठ घालायचंच राहिलंय तसं. रंग नंतर एडिट करताना आपण भरायचा म्हणे. पण भरून पाहिला मात्र! खिडकीतल्या पाण्याच्या पिंपाचा निळा रंग असा उतरलाय की हात लावावा! एवढी वर्षं ते पिंप रोज बघते, ते इतकं सुंदर आहे हे माहीत नव्हतं.

चेहऱ्यावर कसा चालतो ते बघायचं होतं. चेहरा हवा ना पण! घरात चेहरा एकच आणि तो कॅमेऱ्यामागे. मग खुर्चीवर गाऊन टांगला, त्यावर फोकस केला, गाऊन काढला आणि तिथे जाऊन बसले. पाहिलं तर मी धूसर, मागच्या खिळ्यावरची पिशवी एकदम स्पष्ट. हसायला आलं. एकटीच हसले, मग तेही बरं वाटेना.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज कारखान्यात जाऊन लूम शूट केले. स्लो मोशनमध्ये — सेकंदाला शंभर फ्रेम. बापरे! धोटा असा तरंगत जातो, सूत असं लहरतं, आणि उजेडात कापसाचा तूस उडतो तो सोन्यासारखा दिसतो. मुकादम म्हणाला, "ये हमारा ही कारखाना है क्या?"

आणि गंमत म्हणजे सगळं शांत. रात्रंदिवस जी खटखट माझ्या फरशीतून पायांत चढते, तिचा चित्रात मागमूस नाही. फार छान वाटलं. असंच असावं भिवंडी — दिसावं, पण ऐकू येऊ नये.

तूस मात्र ठोकळ्याच्या पंख्यात शिरला. ब्रशने काढला. नाजूक प्रकरण आहे. तापतोही लवकर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रंजिता वहिनीचा फोन. दीपेशचं लग्न ठरलं आहे हे मला वऱ्हाडाच्या बसवाल्याकडून आधीच कळलं होतं. "ताई, चोवीसला हळद, पंचवीसला लग्न. तुमचा नवीन कॅमेरा आलाय ना? घेऊन या हां. बाहेरचा कशाला, घरचंच शूटिंग करू."

मी वाट पाहिली. पुढे काही बोलेल. तुम्ही आत्या, दोन दिवस आधीच राहायला या — असं काही. "बॅटऱ्या जास्त आणा, लाईट जाते," म्हणाली.

दीपेश माझ्या सख्ख्या दादाचा मुलगा. केसरीनाथदादाचा. आमच्याकडे नवऱ्यामुलाला पहिली हळद आत्या लावते. ते माझ्या वाट्याला यायचं नाही हे मला काही आज कळलेलं नाही. नवरा सोडून आलेली बाई हळदीच्या पाटाजवळ नको — हे तोंडावर कुणी म्हणत नाही. नुसतं कुणी हाकही मारत नाही. आई होती तोवर ती हाक मारायची, बाकीच्यांची तोंडं वाकडी झाली तरी. आई गेली आणि मी आमचं दिघाशी गाव सोडलं. इथे लूमच्या डोक्यावर खोली घेतली. लोकांच्या हळदी शूट करते. तिथे मला कुणी काही विचारत नाही, कॅमेरावाली बाई म्हणून सरळ पाटाजवळ बसू देतात!

१५ नोव्हेंबर, शनिवार

आमंत्रण नाही. ऑर्डर आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नाही म्हणून कळवणार होते. मग आक्काचा फोन आला. आक्का आईची मोठी बहीण. दोघी बहिणी दिघाशीतच दिलेल्या. आमच्या सगळ्या गोतात धवला, म्हणजे हळदी-लग्नाचं गाणं, म्हणणारी ती एकच उरली. भटजी नंतर येतो, मांडवातली खरी सत्ता आक्काची. ती गात गात एकेकाला बोलावते, कधी नात्याने, कधी नावाने — बाप ये, आई ये, मामा ये. ज्याचं नाव धवल्यात आलं त्याने उठून पाटाशी जायचं. बोलावल्याशिवाय जायचं नाही आणि बोलावल्यावर थांबायचं नाही. नावं घरातली बाई आधी सांगून ठेवते. म्हणजे इथे वहिनी.

आक्का म्हणाली, "बाय, येतेस ना गो? दीपेशची हळद शेवटची. मंग मी न्हाय गायाची. गला बसला माजा."

शेवटची!

दुपारभर तेच डोक्यात. माझ्या लग्नातही तिनेच म्हटला होता. ते लग्न गेलं खड्ड्यात, पण तो आवाज? आमच्या कॅसेटवर शूटिंगवाल्याने सिनेमाचं गाणं चढवलेलं. आणि मी तरी काय वेगळं केलं? इतक्या हळदी शूट केल्या, सगळीकडे वरून गाणं टाकलं. आमच्या धंद्यात मांडवातला आवाज ठेवतो कोण? DJ, शिट्ट्या, जनरेटर — पुसून टाकायचा.

या वेळी पुसायचं नाही. आक्काचा धवला मला हवा. घरच्यांना नको असेल तर नको, मला हवा. आईच्या आवाजाच्या जवळ जाणारं जगात तेवढंच उरलंय. ठोकळ्याला म्हटलं, हे तुझं पहिलं खरं काम.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गच्चीवर सराव. उन्हात ठोकळ्याचा स्क्रीन म्हणजे काळी पाटी, काही म्हणजे काही दिसत नाही. ओढणी डोक्यावरून घेऊन आत बघावं लागतं. बॅटरी तर बघता बघता संपते. जास्तीच्या मागवल्या. त्या काळ्या पाटीवर कोपऱ्यात बारीक बारीक चिन्हं येतात, त्यांचे अर्थ अजून सगळे लागलेले नाहीत. लागतील.

प्रितमला फोन केला. पूर्वी माझ्याकडे लाईट धरायचा, आता स्वतःचा स्टुडिओ आहे पडघ्याला. म्हणाला, "ताई, पुस्तिका वाच ना आधी!" पुस्तिका वाचून कुणी शूटिंग शिकलंय का?

२४ नोव्हेंबर, सोमवार

हळद झाली. आत्ताच घरी आले.

दादाचा बंगला ओळखूच आला नाही, एवढी रोषणाई. दीपेश पाया पडला, "आत्या, नवीन खेळणं काय?" गोड मुलगा आहे. वहिनीने चहा दिला आणि जागा दाखवली — मांडवाच्या टोकाला, जनरेटरच्या गाडीजवळ. "इथून सगळं येईल ना ताई?" येतं, लांबची लेन्स लावली की येतं.

DJ लागला तसे मी मोठे हेडफोन कानावर चढवले. कॅमेऱ्याला जोडत नाही मी ते, नुसते कानांवर. हा आम्हा शूटिंगवाल्यांचा रिवाजच आहे, नाहीतर सीझनअखेर बहिरे व्हायचो. धवल्याच्या वेळी DJ बंद झाला, पण जनरेटर कानाशीच होता. हेडफोन तसेच राहू दिले.

आणि आक्का! पांढऱ्या पातळात, हातात हळदीची वाटी, कपाळावर तो एवढा मोठा कुंकवाचा टिळा. संध्याकाळचं ऊन मांडवाच्या झालरीतून तिच्या तोंडावर येत होतं. सुरकुत्या अशा दिसत होत्या की मला राहवलं नाही. स्लो मोशन लावला. ओढणीत डोकं घालून फोकस धरत बसले. एवढी जवळ होते मी तिच्या — आणि एवढी लांब. एकेक जण उठून पाटाशी जात होता. आक्काचे ओठ हलत होते. म्हटलं, आता फक्त चित्र सांभाळ भावना, ऐकायचं नंतर घरी निवांत, दार लावून.

मध्येच आक्का थांबली. सरळ लेन्समध्ये बघायला लागली. हीच भीती होती — म्हाताऱ्या माणसांना कॅमेरा दिसला की ती बावरतात. मी हातानेच खूण केली, चालू दे, चालू दे. ती पुन्हा गायली, पुन्हा बघितलं. मांडवातले बाकीचेही वळून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, सगळा शॉट खराब! मी मान वर काढलीच नाही. मग वहिनीने तिच्या बहिणीला, विनिताला, पुढे केलं. पहिली हळद विनिताने लावली. तेही मी शूट केलं. फोकस एकदम धारदार आला आहे.

नंतर आक्काच्या पाया पडायला गेले तर तिने तोंड फिरवलं. दादा बघूनही न बघितल्यासारखा. जेवायला कुणी बोलावलं नाही. निघून आले.

कोरडी भाकरी खाल्ली. लूम चालू आहेत. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लग्न लागलं. हॉलमध्ये गर्दी फार. करिष्मा — दीपेशची बायको — दिसायला गोड आहे, कॅमेऱ्यासमोर लाजत नाही. दादाशी नजरानजर झाली नाही. मी काम केलं आणि आले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आवाज नाही!!

दार लावलं, चहा केला, हेडफोन लावले, आक्काचा शॉट उघडला. काही नाही. आधी वाटलं वायर सैल आहे. मग वाटलं मीच बहिरी झाले. बाकी सगळ्याला आवाज आहे — DJ, शिट्ट्या, वहिनीचं "इकडे बघा, इकडे". आक्का तेवढी मुकी.

प्रितमला फोन. कुठल्या मोडवर घेतला ते त्याने आधी विचारलं. मग म्हणाला, "ताई, स्लो मोशनमध्ये हा साउंड घेतच नाही. माइकवर फुली येते की स्क्रीनवर. बघितली नाहीस?"

फुली! कोपऱ्यातली ती बारीक खूण! आणि लूम शूट केले तेव्हा, आवाज नाही म्हणून मी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

आणि सगळ्यात वाईट काय, तर मी तो ऐकलासुद्धा नाही. सगळ्या मांडवाने ऐकला. आचाऱ्याने ऐकला, जनरेटरवाल्याने ऐकला. मी नंतर ऐकणार होते ना, निवांत!

रडले. ठोकळ्याचा काही दोष नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. कुणाच्या मोबाईलमध्ये धवला आहे का? नाचाचे व्हिडिओ हवे तेवढे आहेत. धवला सुरू झाला की तरुण मंडळी मोबाईल चार्जिंगला लावायला जातात. चुलतभावाकडे एक तुकडा निघाला. त्यात आक्काचा अर्धा खांदा आणि त्याचाच आवाज — "पाव संपलेत का रे?"

३० नोव्हेंबर, रविवार

दिघाशीला जाऊन आले. दादाच्या दारावरून गेले, आत शिरले नाही.

आक्का ओसरीवर वाल सोलत होती. मी आवाज टिपणारा छोटा माइकही नेला होता. सगळं सांगितलं, की चूक झाली, चित्र आलं पण आवाज आला नाही, माझ्यासाठी एकदाच म्हण, इथेच, बसल्या बसल्या.

"लगीन कुनाचं हाय?"

"लग्न नाही गं. नुसतं माझ्यासाठी."

"मांडव न्हाय, हलद न्हाय, आन धवला म्हनू? सोंग हाय का ता? देवांना बोलवतो आपुन त्यात. नुसतं बोलवून दारातून परत धाडायचं?"

मी पाय धरले. तिने हळूच सोडवले. आवाज खरंच गेलाय, घशातून नुसता वारा येतो.

"मी म्हनायचं ता म्हनलं," म्हणाली. "माज्याकडून काय कमी न्हाय पडलं. तुज्या आईला वर जाऊन सांगीन तसं."

मग वालाची एक ओंजळ माझ्या ओढणीत घातली. रागावलेली नव्हती. त्याहून वाईट, तिला माझ्याबद्दल वाईट वाटत होतं असं दिसलं. कॅमेऱ्यापायी वाया गेलेली पोर, असं मनात म्हणत असेल.

२ डिसेंबर, मंगळवार

दादाचा फोन! केवढ्या तरी महिन्यांनी. मी आनंदाने "बोल दादा" म्हटलं आणि तो फाडफाड बोलला. "एवढा राग धरायचा, भावना? भर मांडवात? पोराची हळद होती गो. यायचं न्हवतं तर तसं सांगायचंस. आक्काचा तरी मान ठेवायचास." आणि ठेवला.

न जेवता आले त्याचं एवढं? जेवायला बोलावलं कुणी होतं का मला? मी पण बोलणार होते खूप. फोन बंद झाल्यावर सगळं आठवलं.

वालाचं बिरडं केलं. एकटीपुरतं बिरडं करता येत नाही, उरतंच.

४ डिसेंबर, गुरुवार

वहिनीचा मेसेज — हळदीचा व्हिडिओ लवकर द्या, म्हातारीचा भाग थोडाच ठेवा, वरून छानसं गाणं टाका.

नाही टाकणार. मुका तर मुका! रंग भरायला बसले आहे. ठोकळा काय चीज आहे हे आज खरं कळलं. राखाडीतून हळद वर येते तेव्हा नुसती पिवळी येत नाही, ओली येते. आक्काच्या हनुवटीवरची गोंदणाची तीन टिंबं मोजता येतात. ओठांवरच्या भेगा दिसतात. आणि स्लो मोशन असल्यामुळे एकेक अक्षर तिच्या तोंडात उमलताना दिसतं. बघता बघता मी तिच्याबरोबर म्हणायला लागले, कारण चाल तर लहानपणापासून अंगात आहे. "बाप" म्हणते तेव्हा दादा उठतो. "मामा" म्हणते तेव्हा वहिनीचा भाऊ उठतो. ओठ दोनदा मिटतात, मग मागे माणूस उठतो. बरोब्बर जुळतंय! आवाज नसला तरी अर्धा धवला परत मिळाला मला.

ती थांबून माझ्याकडे बघते तो तुकडा मात्र राहू दिलाय. तो बघवत नाही.

७ डिसेंबर, रविवार

आज तो तुकडा बघितला. आक्का लेन्समध्ये बघते आणि गाते. ओठ मिटतात, आ होतो. मग खालचा ओठ दातांना टेकतो. मग पुन्हा आ. मागे कुणीच उठत नाही. ती थांबते. पुन्हा तेच. पुन्हा थांबते. तिसऱ्यांदा तेच, आणि या वेळी वाटीचा हात माझ्याकडे करते. दादा पाटाजवळून माझ्याकडे बघतोय, हसतोय, मान हलवून बोलावतोय. वहिनीचा चेहरा पडलाय — हे नाव तिने दिलेलं नसणार. आणि कॅमेऱ्यामागे मी हाताने खूण करते आहे, चालू दे, चालू दे.

आरशासमोर उभी राहिले आणि ओठ तसेच हलवून पाहिले. भावना. भावना. भावना.

दादा फोन उचलत नाहीये. ठोकळा, हेडफोन सगळं इथेच टाकलं. दिघाशीला निघाले.